धर्मशिक्षक म्हणून नाव दिलंय? नाशिकमधल्या नव्या धर्मशिक्षकांसाठी पहिल्या वर्षाची वाट

जूनमध्ये शाळा उघडल्या की एखाद्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, शेवटी फादर सांगतात, ‘धर्मशिक्षणाला शिक्षक कमी पडताहेत, ज्यांना जमेल त्यांनी सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) येऊन नाव द्यावं.’ अशा वेळी बहुतेकांना नेमकी चपलांची आठवण होते. तुम्ही मात्र नाव दिलंत. आता पुढच्या रविवारी तिसरी-चौथीतली वीसेक मुलं आणि एक पुस्तक तुमच्या ताब्यात येईल. धावपळीत कुणी फारसं काही समजावूनही सांगणार नाही.

नव्या माणसाला पहिली चिंता असते ‘शिकवू काय?’ याची. माझ्या मते ही चिंता तिसऱ्या क्रमांकाची. आधी कुणाच्या आधाराने शिकवणार ते पक्कं करा, मग सोमवार ते शनिवार तुम्ही स्वतः काय करणार ते ठरवा. रविवारची पाऊण तासाची शिकवणी या दोन गोष्टींवर उभी राहते. खाली तोच क्रम धरला आहे.

पहिली पायरी: होकार दिल्यावर लगेच फादरांना भेटा

मिस्सानंतर पायरीवर उभ्याउभ्या बोलू नका, आठवड्यात वेळ मागून घ्या. विचारायच्या गोष्टी सोप्या आहेत. वर्ग कोणता, पुस्तक कोणतं, भाषा कोणती, धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, या कामाचं संयोजन कोण पाहतं (बऱ्याच ठिकाणी एखाद्या सिस्टर पाहतात), आणि धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या साऱ्या भागाचं, प्रशिक्षण पुढे कधी आहे.

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच नको. धर्मशिक्षकांची नीट तयारी व्हावी आणि त्यांना पुढेही शिक्षण मिळत राहावं, ही जबाबदारी ख्रिस्तसभेच्या कायद्याने, त्यातल्या कॅनन (कलम) 780ने, थेट बिशपांवर टाकली आहे. तेव्हा शिबिराला पाठवा, प्रवासखर्चाचं बघा, वर्गासाठी धर्मशिक्षणाचं पुस्तक घेऊन द्या, असं म्हणणं म्हणजे हट्ट नव्हे. नाशिक धर्मप्रांत 1987 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिकबरोबर अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार एवढा त्याचा पसारा. म्हणजे शिबिर तुमच्या दाराशी येईलच असं नाही, कधी एसटीने जावं लागेल.

पहिले तीन-चार रविवार जुन्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्या, असंही सांगून ठेवा. मुलं कुठे चुळबुळ करतात आणि कुठे एकदम गप्प होतात, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

एक गोंधळ आत्ताच दूर करतो. पोप फ्रान्सिस यांनी मे 2021मध्ये ‘अँटिक्वम मिनिस्टेरियम’ या पत्राने धर्मशिक्षकाची सेवा ही ख्रिस्तसभेतली रीतसर नेमणुकीची सेवा केली, आणि जानेवारी 2022मध्ये रोममध्ये पहिल्यांदा तसा विधीही झाला. ती नेमणूक बिशप करतात, पुरेशी तयारी आणि अनुभव असलेल्यांची. रविवारचा वर्ग घ्यायला तिची गरज नाही. ‘आपण काय एवढे मोठे?’ म्हणून मागे हटू नका, आणि दोन महिन्यांत ती मिळावी म्हणून मागेही लागू नका.

दुसरी पायरी: घरातली पुस्तकं एकदा तपासा

कपाटातलं बायबल काढून अनुक्रमणिका बघा. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं असतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत 66 पुस्तकांची प्रत असते, कारण ती प्रोटेस्टंट नातेवाइकांकडून किंवा प्रदर्शनातून आलेली असते. रोजच्या वाचनाला ती चालेल, पण मिस्साच्या वाचनात तोबित किंवा मक्काबी आलं की पानं उलटत बसाल.

दुसरं पुस्तक म्हणजे 1992चा कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ. त्यात 2865 परिच्छेद आहेत. पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर गणपतीपर्यंत उत्साह संपेल. त्याचे चार भाग लक्षात ठेवा: आपण काय मानतो, संस्कार कसे साजरे करतो, आज्ञांप्रमाणे कसं जगतो, प्रार्थना कशी करतो. मुलांना शिकवायचा कुठलाही धडा या चारांपैकी एकात बसतो. तो धडा असेल त्याच आठवड्यात त्याची तेवढीच पानं वाचायची. याच ग्रंथाचा 2005 साली निघालेला संक्षेप 598 प्रश्नोत्तरांचा आहे, नव्या माणसाला तो जास्त सोयीचा.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली येशूची चार चरित्रं म्हणजे शुभवर्तमानं. रविवारी मिस्सात वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानाचं चक्र तीन वर्षांचं. सालाच्या आकड्यांची बेरीज करा. तिला तीनने निःशेष भाग गेला तर ते लूकचं वर्ष, त्याच्या पुढचं मत्तयचं, त्यानंतरचं मार्कचं. 2025 लूकचं होतं, म्हणून 2026 मत्तयचं आणि 2027 मार्कचं. उपासना वर्ष मात्र जानेवारीत बदलत नाही, त्याआधीच आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी बदलतं. योहान मुख्यतः ईस्टरआधीच्या प्रायश्चित्त काळात आणि ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळात येतो. पहिल्या वर्षी एवढंच करा: ज्याचं वर्ष चालू असेल ते शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढा. मार्क दोन बैठकांत संपतो.

तिसरी पायरी: स्वतःची प्रार्थना, आणि इथे घाई नको

शिबिरांत फळा, चार्ट, खेळ, गाणी यांवर भरपूर वेळ जातो. जावाही. पण 2020च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेत धर्मशिक्षकाच्या घडणीचा विचार माणसापासून सुरू होतो: तो स्वतः कसा आहे, इतरांबरोबर कसा राहतो. ज्ञान आणि कौशल्य त्यानंतर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979मध्ये लिहिलं होतं की धर्मशिक्षणाचा अखेरचा हेतू माणसाचं येशूशी जवळिकीचं नातं जुळावं हा आहे. ज्याची स्वतःची येशूशी बोलचाल बंद आहे, तो दुसऱ्याची ओळख काय करून देणार? मुलांना हे लगेच कळतं. आपण ‘देवाशी बोलावं’ म्हणतो तेव्हा त्या बोलण्यात ओळख आहे की पाठांतर, हे आठ वर्षांचं पोरही ओळखतं.

रोज वीस मिनिटं, आणि पुढच्या रविवारचंच शुभवर्तमान, अशी आठवड्याची साधी घडी बसवा. सोमवारी ते दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. मंगळवारी कुठला शब्द अडकला ते बघा आणि त्याच्याशीच थांबा. बुधवारी त्यावरून देवाशी बोला, तक्रार असेल तर तक्रार करा. गुरुवारी काहीच करू नका, नुसतं बसा. वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन या चार पायऱ्या मठांतून शेकडो वर्षं चालत आल्या आहेत. मठवासी एका बैठकीत चारही करतात, आपण संसारी माणसं, चार दिवसांत करू. शुक्रवारपर्यंत मुलांचा विचारही करायचा नाही. हे जड जातं, कारण मन सारखं ‘यावर कोणता खेळ घेऊ?’ असं विचारत राहतं. त्याला शनिवारपर्यंत थांबवा.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पाळीने काम करणाऱ्यांना वीस मिनिटं कुठून मिळणार, हा प्रश्न खरा आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात घडी मोडतेच. त्या आठवड्यात फक्त रात्रीची उजळणी ठेवा, जी संत इग्नेशियसने शिकवली आणि येशूसंघीय फादरांनी आपल्या भागात रुजवली. झोपण्याआधी, मग ती झोप सकाळी आठला का असेना, दिवसभरात काय मिळालं त्याबद्दल आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा, जिथे चुकलो तिथे क्षमा मागायची, उद्यासाठी कृपा मागायची. दहा मिनिटं पुरतात, मोबाइल बाजूला असेल तर.

मिस्साचं एक स्पष्ट सांगतो, काहींना लागेल. मिस्सा संपताना गाडी लावून थेट वर्गात शिरणारे शिक्षक असतात. मुलं मागे वळून तुमची जागा बघतात. वर्गात मिस्साचे भाग शिकवायचे आणि स्वतः बाहेर गाडीपाशी उभं राहायचं, तर फळ्यावर लिहिलेलं सगळं पुसलंच म्हणा. कन्फेशनही (फादरांपुढे पापांची कबुली) तसंच. पहिल्या कम्युनियनची (मिस्सात पवित्र भाकरी पहिल्यांदा घेण्याची) तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाने स्वतः रांगेत उभं राहिलेलं मुलांना दिसलं, तर त्यांची निम्मी भीती तिथेच जाते.

चौथी पायरी: एक वर्ग, जवळून

धडा पवित्र भाकरीचा आणि मुलं पहिल्या कम्युनियनची, असं धरू. मार्कच्या वर्षात जुलै-ऑगस्टमध्ये पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय वाचला जातो, तेव्हा हा धडा अगदी जागेवर बसतो.

पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा फक्त योहानात आहे. मुलांसाठी सगळी गोष्ट त्या पोरातच आहे. घरून एक भाकरी फडक्यात बांधून न्या, ज्वारीची असली तरी चालेल. टेबलावर गाठोडं ठेवा आणि काही बोलू नका. दोन मिनिटांत वर्ग आपोआप पुढे सरकतो. गाठ सोडा, भाकरी हातोहात फिरू द्या, वास घेऊ द्या. मग उतारा सावकाश वाचा आणि एकच प्रश्न विचारा: ‘ही कुणी बांधून दिली असेल त्याला?’ आई, आजी, मावशी, उत्तरं येत राहतील. कुणीतरी हमखास म्हणेल, ‘मी असतो तर दिली नसती.’ त्याला दटावू नका. तो त्या गोष्टीत शिरला आहे.

आता भाकरी मोडून वाटा, सगळ्यांना पुरवा, आणि येशूने केलेली चार कामं फळ्यावर लिहा: घेतली, आभार मानले, मोडली, दिली. मिस्सात फादर वेदीवर काय करतात, ते पुढच्या रविवारी टक लावून बघायला सांगा. मुलं तिथे हीच चार कामं स्वतः शोधतील.

एक काळजी मात्र घ्या. ही भाकरी म्हणजे कम्युनियन नव्हे, हे शब्दांत स्पष्ट सांगा आणि वर्गात मिस्साचं नाटक बसवू नका. हौसेने झगे घालून ‘लहान फादर’ उभे करणारे असतात. फोटो छान येतात, पण मुलांच्या मनात जी रेघ पक्की हवी तीच पुसट होते.

शेवटी तीन मिनिटं शांतता, एक ओळीची प्रार्थना, आणि घरी न्यायला एक वाक्य. पाऊण तास भरला. शांततेला घाबरू नका, पहिले दोन आठवडे मुलं हसतील.

नाशिकच्या कॉलेज रोडवर डॉन बॉस्को संघाची दिव्यदान ही तत्त्वज्ञानाची संस्था आहे. त्या संघाची सुरुवातच एका धर्मशिक्षणाच्या वर्गाने झाली. 8 डिसेंबर 1841ला तुरीनमधल्या एका चर्चच्या सॅक्रिस्टीत बार्थोलोम्यू गारेली नावाचा बाहेरगावहून कामाला आलेला, गवंडीकाम करणारा पोरगा शिरला. मिस्साला सेवा करता येत नाही म्हणून तिथल्या माणसाने त्याला मारून हाकललं. संघाचे संस्थापक फादर डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावलं. वाचता येतं? नाही. लिहिता? नाही. मग त्यांनी विचारलं, शिट्टी वाजवता येते का? पोरगा हसला. पुढचा धडा एका नमो मरियेने, मरियामातेच्या प्रार्थनेने, सुरू झाला. तुमच्या वर्गात एखादं मूल प्रार्थना पाठ नाही म्हणून मान खाली घालून बसलं असेल, तर त्याला काय येतं ते आधी शोधा. अंबडच्या भाड्याच्या खोल्यांतून येणारी कित्येक पोरं अशीच असतात, आणि त्यांना येत असतं बरंच काही.

पाचवी पायरी: नाशिकच्या मुलांचे प्रश्न

सिंहस्थ जवळ आला की विचारलं जाणारच: ‘रामकुंडात लोक अंघोळ करतात तसाच आपला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) का?’ शाळेत शेजारच्या बाकावरच्या मित्राचे आजी-आजोबा गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन आलेले असतात, त्यामुळे प्रश्न खरा असतो. उत्तरात दोन टोकं टाळा. ‘सगळं एकच’ म्हणून सोडून देऊ नका, आणि कुणाच्या श्रद्धेची टिंगल तर मुळीच नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965च्या जाहीरनाम्यात सांगितलं आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. तेव्हा म्हणा, ‘त्यांची देवावर श्रद्धा आहे, तिचा आपण मान ठेवतो. आपला स्नानसंस्कार एकदाच होतो, पुन्हा करत नाहीत. त्यात आपण येशूच्या मरणात आणि पुनरुत्थानात सामील होतो.’ रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आदल्या रात्री वाचलेला असेल तर हे सांगताना अडखळणार नाही.

गणपतीच्या प्रसादाचा प्रश्नही येतो. तिथे स्वतःचा निवाडा देऊ नका, फादरांना विचारून पुढच्या रविवारी सांगा. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्य वर्षातून दोन-चारदा मुलांच्या कानी पडलं तर शिक्षकावरचा विश्वास वाढतोच.

भाषेचं म्हणाल तर, इंग्रजी शाळेतलं मूल शाळेत ‘आवर फादर’ म्हणतं आणि सुट्टीत श्रीरामपूरला आजीपुढे गप्प बसतं. दोन्ही शिकवा, पण मराठी आधी.

सहावी पायरी: मुलांची सुरक्षितता

हे आध्यात्मिक घडणीच्या बाहेरचं आहे असं समजू नका. वर्गाचं दार उघडं, शक्यतो दोन मोठी माणसं हजर, एकट्या मुलाला कुठे न्यायचं नाही, मुलांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत (ग्रुप असेल तर पालकांचा), पालकांना विचारल्याशिवाय फोटो टाकायचे नाहीत. एखाद्या मुलाने त्रासाबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर 2012च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘चर्चची बदनामी होईल’ हे न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

तुम्ही एखाद्या शाळेत धर्मशिक्षणाचा तास घेणार असाल तर घटनेचं कलम 28 लक्षात असू द्या. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही.

सातवी पायरी: वर्षभर स्वतःला शिकतं ठेवा

धर्मशिक्षकांची महिन्याची बैठक बहुतेक वेळा वार्षिक कार्यक्रम, बसचे पैसे आणि नाताळच्या नाटुकल्यात संपते. सुरुवातीची वीस मिनिटं वचनावर बोलण्यासाठी मागून घ्या. विरोध कुणी करत नाही, फक्त सुचवायला कुणीतरी लागतं.

आगमनकाळात आणि प्रायश्चित्त काळात एकेक दिवसाचं रिट्रीट (प्रार्थनेसाठी एकांत) घ्या. संत चार्ल्स बोरोमेओ धर्मशिक्षकांचे आश्रयदाते, त्यांचा सण 4 नोव्हेंबरला, आणि मुलांच्या पहिल्या कम्युनियनचं वय 1910 साली सात वर्षांच्या आसपास आणणारे संत पायस दहावे 21 ऑगस्टला. या दोन दिवशी शिक्षकांनी एकत्र मिस्साला जावं. त्यासाठी कुठला खर्च लागत नाही. जानेवारीत देववचनाचा रविवार येतो, तेव्हा मुलांना घरचं बायबल घेऊन बोलवा. सप्टेंबरात हरेगावची मतमाऊलीची (मरियामातेची) यात्रा असते, फेब्रुवारीत नाशिकरोडची बाल येशूची. दोन्हीकडे शिक्षक म्हणून मुलांच्या मागे धावण्याआधी एकदा नुसते भाविक म्हणून जाऊन या. वाचायला ‘निरोप्या’ आहे, 1903मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेलं मराठी मासिक. आणि दोन-तीन वर्षं टिकलात तर बंगळूरच्या राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना केंद्राच्या अभ्यासक्रमाबद्दल फादरांकडे चौकशी करा. हे केंद्र 1967पासून चालू आहे.

कंटाळा येईल. साधारण जानेवारीत येतो, हजेरी रोडावते तेव्हा. त्या वेळी नवे चार्ट विकत घेऊन फरक पडत नाही. तिसऱ्या पायरीवर परत जा आणि एका जाणत्या माणसाशी, फादर किंवा सिस्टरांशी, महिन्यातून एकदा मोकळं बोला. तरीही जमत नसेल तर एक वर्ष थांबा, मात्र मध्येच गायब होऊ नका.

आणि एक वही ठेवा. मुलाचं नाव, पालकांचा नंबर, घरी कुठली भाषा, कुणाला ऐकायला कमी येतं. शिवाय स्नानसंस्काराचा दाखला आला की नाही. पहिल्या कम्युनियनला तो लागतो, आणि नाशिकमधल्या पुष्कळ घरांची नोंद राहुरी-संगमनेरकडच्या गावच्या धर्मग्रामात असते. पालकांना दिवाळीच्या सुट्टीआधी सांगितलंत तर गावी गेल्यावर ते घेऊन येतात. मार्चमध्ये सांगितलंत तर फोनाफोनी तुम्हालाच करावी लागेल.